शेवटच्या झाडाला पाणी

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला आमच्या गिरीज गावच्या वाडीत अशी एक वेळ येते की काहीच हलत नाही. केळीची पानं उन्हानं माना टाकून असतात, बावखलातलं पाणी हिरवंगार होऊन पडून राहिलेलं असतं, आणि विहिरीवरचा पंपसुद्धा वीज असून मुका असतो, कारण बाबा झोपलेले असतात. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचं छोटं तळं. पावसाचं पाणी तिथे साठतं आणि पुढे विहिरीला पुरतं. बरोबर त्याच वेळी पोर्तुगालमधल्या एका बंदरात सकाळ होते. तिथल्या एका गोदामाची दारं उघडतात आणि माझ्या पडद्यावर हिरवे ठिपके एकामागून एक जागे होतात. सात वर्षं मी ती सकाळ दुपारी पाहिली. कधी बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि जाग आली की क्षणभर कळायचं नाही, आपण कुठल्या देशात जागे झालो.

मी नेटवर्क सांभाळते. हुद्दा चांगला लांबलचक इंग्रजी आहे, पण गावात त्याचा अर्थ ‘हिला वायफायमधलं कळतं’ एवढाच. आळीतल्या निम्म्या लोकांनी आपले फोन कधी ना कधी माझ्या ओटीवर आणून ठेवलेले आहेत. चर्चमागच्या एका मावशींना तर वाटतं, आभाळ भरून आलं की फोनची रेंज जाते ती माझ्या ओळखीनं परत येईल. मी कुणाला समजावत बसत नाही. या धंद्याची गंमतच अशी की काम नीट चाललं तर तुम्ही आहात हे कुणाला माहीत नसतं, आणि बिघडलं की तुमच्याशिवाय दुसरं कुणी कुणाला आठवत नाही. नळाला पाणी आलं म्हणून आजवर कुणी पाणीखात्याला हार घातलेला नाही.

गोदाम एका फळांच्या कंपनीचं होतं. दूरच्या कुठल्याशा उष्ण देशातून हिरवी केळी जहाजानं यायची आणि त्या गोदामातल्या आठ बंद खोल्यांत पिकवली जायची. खोलीत ऊब किती, हवा किती, पंखा कधी फिरवायचा, सगळं यंत्रं ठरवायची. ती यंत्रं एकमेकांशी बोलतात की नाही हे पाहणारी मी. आमची छोटी कंपनी अंधेरीला. पण आई गेल्यावर मी बाबांजवळ राहायला आले, आणि या एका गिऱ्हाइकाचं काम घरून केलं तरी चालत होतं. मी लग्न केलं नाही. त्याची हकीकत वेगळी आहे आणि फारशी रंजक नाही. बाबा पंच्याऐंशीचे. त्यांना दुसरीकडे न्यायचा विषय एकदा काढला तेव्हा म्हणाले होते, “मला न्यायचा तर विहिरीसकट ने.” पुन्हा तो विषय निघाला नाही.

आमचा व्यवस्थापक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, विरारच्या मनवेलपाड्यातल्या एका नव्या इमारतीत राहणारा, स्वभावानं चांगला. त्यानं मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, “मॅडम, हा क्लायंट आहे तोपर्यंत तुम्ही घरी. तो गेला ना, तर बाकी सगळे क्लायंट माणूस बंगळुरूला बसवून मागतात. फिर मेरे हाथ में कुछ नहीं.” म्हणजे बाबांजवळ माझं राहणं त्या परक्या गोदामातल्या केळ्यांवर टांगलेलं होतं. हे मी रोज आठवत नसे, पण विसरतही नसे.

बाबांना पहिल्यांदा हे काम समजावलं तो दिवस मला आठवतो. ओटीवर बसून ते सुपारी सोलत होते.

“केळी त्यांची?”

“नाही. दुसऱ्या देशातून येतात.”

“पिकवतात तिथं?”

“हो.”

“आनि बघते तू. इथून.”

“हो.”

त्यांनी आमच्या केळीच्या रांगेकडे एकदा बघितलं. “केळी एकाची, जहाज दुसऱ्याचा, खानारा तिसरा, आनि राखण गिरीजला. बाय, यातला एक जरी रुसला तर?”

मी तेव्हा हसले होते. आमच्या कंपनीत जागतिक व्यापारावर व्याख्यानं द्यायला कोट घातलेली माणसं येत. त्यांच्या तासाभरात या एका प्रश्नाइतकं काही नसे.

बाबांच्या बोलण्याला कारण होतं. मी लहान असताना आमच्या वाडीत केळीपेक्षा पानवेली जास्त होत्या. विड्याच्या पानांच्या. रोज पहाटे पानं खुडायची, मोजून जुड्या बांधायच्या, केळीच्या सोपट्यात गुंडाळून, पाणी शिंपडून करंड्या भरायच्या. त्या करंड्या मुंबईच्या दलालाकडे जात आणि तिथून पार कराचीला. कराची म्हणजे विरारच्या पुढचं एखादं स्टेशन असावं अशी माझी समजूत होती, आणि ती कुणी दुरुस्तही केली नाही. तिथल्या बाजारात एक व्यापारी आमचं पान विकायचा. बाबांनी त्याला कधी पाहिलं नाही, त्यानं बाबांना नाही. पण त्याची कार्डं यायची, दलालाच्या हातून, गुजरातीत लिहिलेली. पानाच्या धंद्याचं सगळं लिहिणं गुजरातीतच चाले, त्यामुळे बाबांना वाचता येई. मला अजूनही येत नाही. बाबा जेवताना कार्ड वाचून दाखवायचे: या खेपेचं पान कोवळं होतं, मागच्या खेपेला पाणी कमी शिंपडलं, अमुक तमुक. शेवटी न चुकता घरच्यांची खुशाली विचारलेली असे. आई म्हणायची, माझ्या सख्ख्या भावानं इतक्यांदा विचारली नाही.

मग एके दिवशी सरहद्दीवर काहीतरी बिनसलं आणि पान जायचं थांबलं. काय बिनसलं ते मोठ्यांनाही धड माहीत नव्हतं. दलालाकडून करंड्या परत आल्या. ओल्या पानांचा ढीग विहिरीजवळ पडून सडला, आणि तो वास मला आजही कधी कधी स्वप्नात येतो. गोडसर, उबट, नकोसा. महिन्याभरात बाबांनी वेली उपटल्या आणि केळी लावली. त्यानंतर दलालाच्या माणसानं एक शेवटचं कार्ड आणून दिलं. ते बाबांनी मोठ्यानं वाचलं नाही. घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आई म्हणाली, “जबाब तरी लिहा.” बाबा म्हणाले, “काय लिवू? पान सडला म्हनून लिवू?” जबाब गेला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एक म्हण चालू झाली, ती कुठल्या पुस्तकात सापडायची नाही: लांबच्या गिऱ्हाइकावर चूल पेटवू नये.

आणि मी नेमकी तीच पेटवून बसले होते.

पण माझ्या कामातलं जे काही मला येतं ते या वाडीतच शिकले, हेही खरं. आमच्याकडे शिंपणं असं चालायचं: विहिरीचं पाणी मोठ्या पाटात सोडायचं, पाटाला बाजूनं दारं, एकेका दारातून एकेका रांगेला पाणी. पाटाची माती फावड्यानं ओढायची की एक दार उघडतं आणि दुसरं बुजतं. नियम एकच. रांगेतल्या शेवटच्या झाडापाशी एक माणूस उभा राहिलाच पाहिजे. पाणी तिथपर्यंत आलं की त्यानं ओरडून सांगायचं, “पोचलंऽऽ!” आणि ती हाक ऐकू आल्याशिवाय फावडं लावायचं नाही. मधे बेडकाचं बीळ असतं, खेकड्यानं माती पोखरलेली असते. पहिल्या झाडाशी पाणी खळखळतं म्हणून शेवटचं झाड भिजलं असं होत नाही. आमच्या घरातून शेवटच्या झाडापाशी मी उभी असायची. सात-आठ वर्षांची, फ्रॉक खोचून, अनवाणी. पायांना पाणी लागायच्या आधी माती गार होते, ते मला अजून तळव्यात आठवतं. मी जीव खाऊन ओरडायची आणि पार त्या टोकाला बाबांचं फावडं हलायचं. माझ्या शब्दावर पाणी वळतं, याचा मला कोण अभिमान होता!

पुढे शिकायला गेले तेव्हा मास्तरांनी ‘पिंग’ शिकवलं. दूरच्या यंत्राला एक इवलासा निरोप पाठवायचा. ते यंत्र जागेवर असेल तर तोच निरोप परत पाठवतं, आणि जायला-यायला किती वेळ लागला ते कळतं. सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी मात्र गालात हसत होते. हे तर ‘पोचलं’ होतं.

आता माझी चूक सांगते. ती अशी चूक आहे की फक्त आमच्या धंद्यातलीच माणसं करतात, आणि प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते, मान्य कुणी करत नाही. दूरच्या यंत्राची दारं बदलताना आपण स्वतः ज्या दारातून आत आलोय तेच बंद करून घ्यायचं.

रविवार होता. त्यांच्याकडे पहाट, आमच्याकडे सकाळचे अकरा. गोदामाच्या मुख्य यंत्रात बाहेरून येणाऱ्यांसाठी नवे नियम घालायचे होते. पुढच्याच आठवड्यात ती कंपनी आमच्या कामाचा वर्षभराचा आढावा घेणार होती. आम्हाला ठेवायचं की नाही ते त्यात ठरणार होतं. अशा वेळी एक काळजी घ्यायची असते. काम सुरू करण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांत मी परत काही बोलले नाही, तर तू आपणहून बंद होऊन पुन्हा चालू हो. म्हणजे आपण बाहेर अडकलो तरी यंत्र नवं सगळं विसरतं आणि जुन्या घडीवर उठतं. शेवटच्या झाडापाशी माणूस उभा करायचा तो असा. मी तो केला नाही. का केला नाही याचं काही कारण नाही. शंभरदा केलेलं काम, त्यात बाहेर फणस उतरवायला माणूस आला होता आणि बाबा त्याच्यावर ओरडत होते. मी एक ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि पडदा गोठला.

आठही ठिपके राखाडी झाले.

वरून हुकूम येईना झाला की त्या खोल्यांचे पंखे थोड्या वेळानं थांबत. आणि पिकायला लागलेलं केळं स्वतःच तापतं. हे मला कुठल्या कागदावरून वाचायची गरज नव्हती. लहानपणी आढीच्या पेंढ्यात हात घातला की आतून ऊब लागायची. आठ खोल्यांतली ती ऊब मला इथे बसून अंगावर येत होती.

व्यवस्थापकाला फोन केला. तो रविवारी मुलाला घेऊन बागेत गेला होता. “मॅडम, आजच? आत्ताच? अरे यार... अच्छा, साइटवर कोणी आहे का बघा.”

साइटवर एकच माणूस होता. गोदामाचा राखणदार, आवाजावरून सत्तरीचा. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन वेगवेगळ्या गावचं. यंत्राच्या खोलीला कुलूप होतं. तो किल्ली शोधताना स्वतःशी पुटपुटत होता, आणि ‘चावी’सारखंच काहीतरी माझ्या कानावर आलं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांनी आमच्याकडे किल्ला बांधला, कर वसूल केला, आणि जाताना पाव, बादली, चावी विसरून गेले. आता त्यांच्या कुलपासाठी मी गिरीजला बसून देव पाण्यात घातले होते. घाबरलेल्या माणसाला काय काय सुचतं!

त्यानं दार उघडलं. मी सांगितलं, काळी पेटी, वरून तिसरी, वायर काढा. वीसपर्यंत मोजा. परत लावा. तो फोनवर मोठ्यानं मोजत होता, त्याच्या भाषेत, आणि मी इथे मराठीत. पेटी पुन्हा सुरू झाली. जुन्या घडीवर उठली. माझ्या पडद्यावर एकेक ठिपका हिरवा व्हायला लागला आणि मी खुर्चीत मागे टेकले. पण त्यानं फोन ठेवला नाही. मला म्हणाला, थांबा. आणि तो चालत गेला. त्याच्या बुटांचा आवाज येत होता, लांबलचक गोदामात एकट्याचा. पहिल्या खोलीपाशी म्हणाला, हिरवा दिवा. दुसऱ्या खोलीपाशी, हिरवा. असं करत आठवीपर्यंत. आठवीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, हात लावून पाहिला. थोडी गरम. पण चांगली आहेत.

मला रडू आलं. मी फोनवर त्याचे तीन-तीनदा आभार मानले आणि तो नुसता हसला. मागे वळले तर बाबा दारात, हातात फणसाचा चीक लागलेला कोयता.

“कोन होता?”

“तिथला राखणदार.”

“शेवटच्या खोलीपर्यंत गेला?”

“गेला. हात लावून बघितलं त्यानं.”

“मंग मानूस बरा हाय,” बाबा म्हणाले आणि कोयत्याला तेल लावायला निघून गेले.

अहवालात काय लिहायचं यावर माझा आणि व्यवस्थापकाचा थोडा वाद झाला. तो म्हणत होता, “लाइनमध्ये प्रॉब्लेम होता असं लिहू या ना. टेक्निकल इश्यू. कौन देखता है?” आमच्या तंत्रज्ञानाच्या धंद्यातली ही जुनी चाल आहे. चूक कधी माणसाची नसते, नेहमी कुठल्या तरी यंत्राची किंवा समुद्राखालच्या केबलची असते, आणि केबल बिचारी उत्तर द्यायला येत नाही. धंद्याला दर दोन वर्षांनी नवं नाव लागतं, नवे शब्द, नवे कोट. पण ‘मी चुकले’ हे दोन शब्द मात्र अजून कुणी आणले नाहीत. मी ते लिहिले. काय केलं, काय करायला हवं होतं, राखणदारानं काय केलं, सगळं. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. आढावा झाला आणि त्यांनी आम्हाला ठेवलं. आढावा घेणाऱ्या त्यांच्या बाईंनी लिहिलं होतं की चूक इतकी स्वच्छ लिहिलेली त्यांनी प्रथमच वाचली. त्या संध्याकाळी मी बाबांसाठी शिरा केला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही, पण दोनदा वाढून घेतला.

त्यानंतर बाबांना त्या गोदामात रस वाटू लागला. दुपारी उठले की चहाचा पेला घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहायचे.

“तुझा तो मानूस आला कामाला?”

माणसाचं मला कुठून दिसणार! मी त्यांना पिंग दाखवलं. इथून निरोप जातो, तिथून तोच परत येतो. पडद्यावर ओळींमागून ओळी उमटत होत्या आणि बाबा चष्मा सावरून बघत राहिले.

“आत काय लिवलेला असतो?”

“काही नाही. नुसतं, आहे का? आणि तिकडून, आहे.”

“म्हन्जे खुशाली.”

“हो. खुशाली.”

चहा निवून गेला. “लगेच जबाब देतो तो,” ते म्हणाले आणि बावखलाकडे निघून गेले.

ती दुपारची वर्षं आता मला पाण्याखालून पाहिल्यासारखी दिसतात. केळीतून झिरपणारं ऊन, पडद्यावरचे आठ हिरवे ठिपके, आणि कुठेतरी कोणी परकी बाई बाजारातून केळ्याचा फणा पिशवीत टाकून घरी निघालेली. तिला आम्ही माहीत नाही. मला त्याचं काही वाटत नसे. उलट फार बरं वाटायचं.

आणि मग पत्र आलं. कुणाची चूक नव्हती, हे पत्रातच दोनदा लिहिलं होतं. त्यांच्याकडे नवा नियम झाला होता: अन्नधान्य, फळफळावळ साठवणाऱ्या जागांची नेटवर्कं यापुढे त्यांच्याच देशांच्या गटातल्या माणसांनी सांभाळायची. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आपले आणि त्यांचे मंत्री हात मिळवतानाचा फोटो होता, व्यापार वाढणार म्हणून. वाढलाही असेल. मी त्या फोटोकडे पाहिलं आणि मला खरंच राग आला. दोन देशांचे संबंध म्हणजे हे हात नव्हेत, असं माझं मत आहे. ते असतात कुठल्यातरी करंडीत शिंपडलेल्या पाण्यात, कुठल्यातरी गोदामात आठव्या खोलीपर्यंत चालत गेलेल्या बुटांत. ते जोडायला वर्षं लागतात आणि तोडायला एक कागद. आणि तोडणाऱ्याला ज्यांचं तुटतं त्यांचा चेहरा कधीच दिसत नाही, म्हणून त्याला वाईट वाटत नाही.

व्यवस्थापक स्वतः घरी आला, ओटीवर बसला, बाबांच्या पाया पडला. “मॅडम, बंगळुरूला पोस्ट आहे. चांगली आहे. महिनाअखेर सांगावं लागेल. नाहीतर... आमच्या मनवेलपाड्यातल्या हॉस्पिटलला कोणी तरी पाहिजे आहे नेटवर्कला, पण तिथं तुम्ही वाया जाल.” बाबा आत निघून गेले. त्यांना ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं.

त्या संध्याकाळी मी स्कूटर काढून राजोडीच्या किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांखाली बाहेरगावची माणसं सतरंज्या घालून बसली होती, कुणीतरी पोरांना घोड्यावर बसवत होतं, आणि पलीकडे होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या. मी पाण्याच्या कडेला अनवाणी उभी राहिले. याच समुद्राच्या तळाशी कुठून तरी ती केबल जाते. माझे सगळे निरोप सात वर्षं तिथूनच गेले, अंधारात, माशांच्या खालून. पाणी पायाला लागायच्या आधी वाळू गार झाली. मी आपोआप तोंड उघडलं आणि मग कुणाला सांगायचं ते न कळून मिटलं. बंगळुरू. बाबा. विहीर. यातलं काहीच एकमेकांत बसत नव्हतं.

शेवटचा दिवस आला तेव्हा महिनाअखेरीला एक दिवस उरला होता. नवी माणसं त्यांच्याच एका गावातली होती. त्यांच्यातल्या मुलीला मी एकेक खोली ताब्यात दिली. ती घाईत होती, पहिल्या दोन खोल्या दिसल्या तेव्हाच म्हणाली, झालं. मी म्हटलं, नाही झालं, आठवी दिसते का सांग. तिनं पाहिलं, दिसत नव्हती. मधे एक बीळ होतंच. तासाभरानं दिसली. मी तिला म्हटलं, मोठ्यानं सांग. तिला वाटलं असेल बाई विक्षिप्त आहे, पण तिनं सांगितलं.

राहिलं एकच काम. माझं स्वतःचं दार. एकदा चुकून बंद केलं होतं, ते आता मुद्दाम करायचं. मी तीच ओळ लिहिली आणि या खेपेला बटण दाबायला कितीतरी वेळ लावला. ठिपके गेले. सवयीनं एक निरोप पाठवला. आहे का? पडद्यावर आलं: उत्तर नाही. मी पुन्हा पाठवला. उत्तर नाही. मला माहीत होतं, मीच तर बंद केलं होतं. तरी तिसऱ्यांदा पाठवला.

“बाय.”

बाबा मागे उभे होते. किती वेळ होते कुणास ठाऊक. हातात पेटीतलं ते शेवटचं कार्ड होतं, घडीवर फाटत आलेलं, पिवळं.

“आता येत नाय जबाब?”

“नाही बाबा. संपलं.”

“तू सांगितलास का त्या मानसाला? राखणदाराला?”

मी कालच त्याला चार ओळी लिहिल्या होत्या. त्याचं उत्तरही आलं होतं, आठवी खोली ठीक आहे म्हणून. तसं मी सांगितलं.

“बरा केलास,” ते म्हणाले. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि कार्ड माझ्यासमोर ठेवलं. “याला जबाब लिव.”

“बाबा, तो माणूस आता कुठे असणार?”

“नसंल. त्याचा कोन असंल. तू शोधून काढशील, तुझा धंदाच तो.”

“काय लिहिलंय यात?”

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. बाबांनी चष्मा लावला. गुजराती वाचत, थांबत, आमच्या बोलीत आणत त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. पान यायचं थांबलं ते कळलं. यात तुमचं चुकलं नाही आणि माझंही नाही. घरची सगळी कशी आहेत. तुम्ही रागानं सगळ्या वेली काढाल, मी तुम्हाला ओळखतो. तेवढं करू नका. एक वेल ठेवा. रस्ता उघडेल तेव्हा बेणं कुठून आणाल?

मी विहिरीकडे पाहिलं. विहिरीच्या कडेला सुपारीवर एक पानवेल आहे. पूजेला, बारशाला, लग्नाला विड्याची पानं लागली की आम्ही तिचीच खुडतो. ती आपोआप उगवली असं आईसुद्धा समजत होती. दर उन्हाळ्यात तिच्या मुळाशी पेंढा घालताना बाबांना मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, आणि मला कधीही, एकदाही, त्यात काही दिसलं नाही.

“मी बंगळुरूला जात नाही, बाबा,” मी म्हटलं. “हॉस्पिटलचं काम घेते.”

“ते तुझा तू बघ,” ते म्हणाले, पण त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

“आधी हे लिव. जास्त नको. लिव, ठेवलीय.”